ग्लोव्ह्ज म्हणजे धुतलेले हात नव्हेत

काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून परवा भेटायला गेले, तर खाटेखाली बशीत अर्धा कांदा. कडा सुकून काळपट झालेल्या. आत्या कानाशी येऊन म्हणाली, "जंतू ओढून घेतो अगं तो. तू हॉस्पिटलात असतेस आणि तुला माहीत नाही?"

मी अकरा वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. तिने मोबाइल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज, वर लाल अक्षरांत 'हॉस्पिटलवाले हे कधीच सांगणार नाहीत', खाली पाच मुद्दे. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून हे लिहितेय.

कांद्याचं आधी उरकते. तो जंतू ओढत नाही, दोन दिवस ठेवला तर माश्या आणि झुरळं ओढतो. त्याच मुद्द्यात पुढे 'खाटेजवळ भीमसेनी कापूर जाळावा' असंही आहे. शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन चालू असताना काडी ओढायची?

पण कांद्याला हसून मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी दुसरा मुद्दा नीट वाचलेला नाही. 'नर्सने ग्लोव्ह्ज घातले असतील तर हात धुवायला सांगू नका, ग्लोव्ह्ज निर्जंतुकच असतात.' साफ चूक. वॉर्डातल्या खोक्यातून टिश्यूसारखे ओढून काढतात ते ग्लोव्ह्ज निर्जंतुक नसतात. निर्जंतुक जोडी वेगळ्या सीलबंद पाकिटात येते. खोक्यातले ग्लोव्ह्ज असतात मुख्यतः घालणाऱ्याच्या बचावासाठी.

परवा तिथेच, माझ्या डोळ्यांसमोर, एका मुलाने ग्लोव्ह्ज घालून शेजारच्या आजोबांची लघवीची पिशवी रिकामी केली. त्याच हातांनी पडदा सरकवला, खाटेचा कठडा वर केला, खिशातला फोन वाजला तो बंद केला आणि वळून काकांच्या हातावरच्या सुईची चिकटपट्टी दाबायला आला. मी "थांब" म्हटलं तर म्हणतो, "मॅडम, ग्लोव्ह्ज आहेत ना." त्याच्यावर राग काढून उपयोग नाही, त्यालाही कुणी शिकवलेलं नसणार. पण ग्लोव्ह्ज घातले की हाताला ओल लागत नाही, घाण जाणवत नाही, आणि माणूस बिनधास्त होतो. त्यांना बारीक भोकं असू शकतात, काढताना बाहेरची घाण हाताला लागते. म्हणून घालण्याआधीही हात स्वच्छ हवेत आणि काढल्यावरही.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्यात: रुग्णाला हात लावण्याआधी, सुई-नळीसारख्या निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. हँडरबला, म्हणजे हातावर चोळायच्या जंतुनाशकाला, 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याला 40 ते 60. एवढ्याने नर्सचा वेळ जात नाही. आत्या, तू बिनदिक्कत विचार, "सिस्टर, हात चोळलेत का?" चिडल्या तर चिडू देत.

तिसरा मुद्दा: 'डिस्चार्जच्या वेळी पंधरा दिवसांची हेवी अँटिबायोटिक मागून घ्या.' त्याच संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत अगदी उलट लिहिलंय. जखमेत जंतू होऊ नयेत म्हणून द्यायचा डोस चिरा देण्याआधीच्या 120 मिनिटांत, आणि ऑपरेशन संपल्यावर तो केवळ खबरदारी म्हणून लांबवायचा नाही. इन्फेक्शन झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी चिवट जंतू तेवढे उरतात. याच सूचनांत ऑपरेशनच्या जागेचे केस रेझरने काढू नका असंही आहे. काकांनी आदल्या रात्री घरी बसून नेमकं तेच केलं होतं. मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

फिनाइलचा वास आला म्हणजे वॉर्ड स्वच्छ, हा चौथा. वासाने काही ठरत नाही. जंतुनाशक योग्य प्रमाणात कालवलंय का आणि पुसल्यावर पुरेसा वेळ ओलं राहिलं का, हे बघायचं.

पाचव्यात म्हटलंय, हॉस्पिटलात गेलं की नवीन आजार लागतो आणि भेटीच्या वेळा निव्वळ त्यांच्या सोयीच्या. पहिलं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच 2022 च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी 15 जणांना तिथे एखादं तरी इन्फेक्शन होतं, श्रीमंत देशांत 7 जणांना. भेटीच्या वेळांत थोडी सोय आमचीही असते, तेही खरं. पण 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला, तेव्हा सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. त्याच शहरातली सहा-सहा माणसं आज खोकत वॉर्डात येतात आणि रुग्णाच्याच खाटेवर बसून वडापाव खातात.

आत्याने कांदा उचलला, पण कापराची पुडी पर्समध्येच आहे. उद्या पुन्हा जाणार आहे मी.