आय-सेव्हन म्हटलं, पण कोणत्या पिढीचा?

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘नवीन आय-थ्री घेऊन फसू नका. जुना आय-सेव्हन कधीही भारी. गिगाहर्ट्झ बघा. जुना माल दणकट.’ आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची, नावं. दुरुस्तीच्या टेबलावर बसून या मेसेजचे परिणाम मी दर जूनमध्ये बघतो, म्हणून लिहितोय.

‘आय-सेव्हन कधीही भारी’ हे त्याच पिढीपुरतं खरं. 2011 चा आय-सेव्हन 2600 आणि 2022 चा आय-थ्री 12100 घ्या. दोन्हींत चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). तरी नव्याचा एकेक कोअर जवळपास दुप्पट काम उरकतो. लॅपटॉपमध्ये तर फसगत आणखी मोठी. आय-सेव्हन 7500यू मध्ये दोनच कोअर आहेत. वर्षभराने आलेल्या आय-फाइव्ह 8250यू मध्ये चार. मागच्या वर्षी पारोळ्याचे एक काका पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी यातला पहिलाच जास्त पैसे मोजून घेऊन आले, ‘सेव्हन’ लिहिलंय म्हणून. मला फार वाईट वाटलं.

‘गिगाहर्ट्झ बघा.’ गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके. पण विहिरीवर मोटेच्या फेऱ्या किती झाल्या एवढंच मोजून पाणी कळतं का? मोट केवढी, तेही बघावं लागतं. 2004 मध्ये इंटेलचाच जुना प्रोसेसर पेंटियम फोर 3.8 गिगाहर्ट्झवर पोचला होता. 2006 च्या 2.4 गिगाहर्ट्झच्या कोअर टू ड्युओने त्याला मागे टाकलं, कारण तो प्रत्येक ठोक्याला जास्त काम करायचा.

‘जुना माल दणकट.’ प्रोसेसर सहसा मरत नाही, हे मान्य. जातो तो बोर्ड, पंखा, पॉवर सप्लाय. 2600 ची वीज-उष्णतेची रेटिंग 95 वॅट, 12100 ची 60. मे महिन्यात पारा 45 वर आणि घर इन्व्हर्टरवर असताना हा फरक जाणवतो. शिवाय यूट्यूबवर बरेच व्हिडिओ व्हिडिओ दाबून लहान करायच्या ज्या व्हीपी-नाइन पद्धतीत येतात, ती उलगडायची सोय 2600 च्या ग्राफिक्समध्ये नाही. सगळा भार कोअरवर पडतो. विंडोज 11 साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीतही 2600 नाही.

घरात जुना असेल तर मात्र फेकू नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान साठवण) टाका; टॅली आणि टायपिंगला तो अजून छान चालतो. पण विकत घेताना पूर्ण नंबर विचारा: 2600 म्हणजे दुसरी पिढी, 8250 आठवी, 12100 बारावी. दुकानदार नुसतंच ‘आय-सेव्हन आहे’ म्हणाला, तर मशीन चालू करून नंबर स्वतः बघा आणि मगच पैसे द्या.