अॅडमिरल लिहा

मोठं व्हायचंय ना? मग मेरिटचं खूळ आधी डोक्यातून काढा. विल्यम लेही 1897 साली अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, तेव्हा 47 जणांत त्यांचा नंबर 35वा होता. खरं तर जायचं होतं वेस्ट पॉइंटला, लष्करात. तिथे जागा मिळेना म्हणून नौदल. आपल्याकडे मेडिकल हुकलं की बीएस्सी, त्यातलाच प्रकार. हेच गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सर्वांत ज्येष्ठ गणवेशधारी अधिकारी झाले. तेव्हा मुलाचा निकाल हातात घेऊन बसलेल्या आईबापांनी डोळे पुसावेत.

बोट मिळताना तिच्यावर तोफा किती, हे विचारू नका. पाहुणे कोण येतात, ते विचारा. 1915 साली लेहीसाहेबांकडे 'डॉल्फिन' आली. नौदलमंत्री आणि त्यांच्या मंडळींना फिरवून आणणं, हे तिचं एक महत्त्वाचं राष्ट्रकार्य. त्या मंडळींत समुद्राचं वेड असलेला एक तरुण सहायक मंत्री होता, फ्रँकलिन रूझवेल्ट. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात, पण साहेबाला बोटीत घालून नेण्याबद्दल शहाण्यांनी काही म्हटलेलं नाही. फक्त साहेब मोठा व्हायच्या आधी न्या. नंतर रांग लागते.

1937 साली लेही नौदलप्रमुख झाले. राष्ट्राध्यक्ष कोण होतं, हे मी सांगायला नको. 1939 साली निवृत्त झाले. तुम्ही निवृत्त झालात की सोसायटीचं चेअरमनपद गळ्यात पडतं. त्यांना पुढच्याच महिन्यात अख्खं बेट मिळालं, पोर्तो रिकोचं गव्हर्नरपद. तिथल्या लोकांनी आडनावाची फोड करून त्यांना 'अल्मिरांते लिहा' म्हणायला सुरुवात केली. अल्मिरांते म्हणजे अॅडमिरल, आणि स्पॅनिशमध्ये 'लिहा' म्हणजे आपला सुतार ज्याला पॉलिश पेपर म्हणतो तो. खरखरीत माणूस, असा अर्थ. मराठी कानाला मात्र ती आज्ञा वाटते, आणि साहेब ती आयुष्यभर पाळत होते. डायरी कधी सोडली नाही. तुम्हीही सोडू नका, पुढे लागते.

मग पासष्टाव्या वर्षी ते विशीत गेले. म्हणजे फ्रान्समधल्या विशी गावी, राजदूत म्हणून. समोर जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सचे प्रमुख, 84 वर्षांचे मार्शल पेतां. फ्रेंच आरमार जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून या आजोबांची समजूत घालत राहायची, हे काम. एप्रिल 1942 मध्ये पत्नी लुईझ शस्त्रक्रियेनंतर तिथेच वारल्या. यावर विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

जुलै 1942 मध्ये रूझवेल्टनी त्यांना बोलावून आपला चीफ ऑफ स्टाफ केलं. असं पद आधी नव्हतंच. जागेसाठी माणूस शोधणं ही गरिबांची पद्धत. रोज सकाळी कागदपत्रं घेऊन राष्ट्राध्यक्षांसमोर बसायचं आणि सैन्यदलांच्या प्रमुखांच्या बैठकीत अध्यक्षाची खुर्ची घ्यायची. या निकटतेचं फळ डिसेंबर 1944 मध्ये मिळालं. पाच ताऱ्यांचा हुद्दा एकेक दिवसाच्या अंतराने वाटला गेला, म्हणजे सिनिऑरिटीवरून कटकट नको. 15 तारखेला लेही, 16 ला लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल, मग नौदलाचे किंग, मॅकआर्थर, निमित्झ. पश्चिम युरोपात ऐन हिवाळ्यात हिटलरचा शेवटचा मोठा हल्ला अंगावर घेत असलेल्या आयसेनहॉवरचा नंबर सहावा, 20 तारखेला. लढाईवर गेलं की असं मागे पडायला होतं.

आता सर्वांत अवघड धडा: आपल्याच विषयात तोंडघशी कसं पडावं. लेही 1927 ते 1931 नौदलाच्या दारूगोळा विभागाचे प्रमुख होते. 1945 मध्ये रूझवेल्टनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रुमनना अणुबॉम्बची माहिती दिली जात होती, तेव्हा साहेबांनी निर्वाळा दिला: हा आपला सर्वांत मोठा मूर्खपणा आहे, बॉम्ब कधीच उडणार नाही, आणि हे मी स्फोटकांचा तज्ज्ञ म्हणून सांगतो. 16 जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तो उडाला. तज्ज्ञाने असल्या किरकोळ गोष्टींनी मत बदलू नये. 2 ऑगस्टला प्लिमथच्या बंदरात, 'रिनाऊन' युद्धनौकेवर जेवताना विषय निघाला, तरी साहेबांचं पालुपद तेच, हे सगळं प्राध्यापकांचं स्वप्न आहे म्हणून. यजमान होते ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज. त्यांनी विचारलं, लावता पैज?

चार दिवसांनी हिरोशिमा.

नोकरी गेली? छे. साहेब 1949 पर्यंत ट्रुमनच्याही शेजारी होते. मग 1950 मध्ये, डायऱ्या समोर ठेवून, आठवणींचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं की हे रानटी हत्यार वापरून जपानविरुद्धच्या युद्धात काही उपयोग झाला नाही, जपान हरल्यातच जमा होता, आणि आपण अंधारयुगातल्या रानटी लोकांची नीती उचलली. वाक्यं खणखणीत आहेत, वाचून अंगावर काटा येतो. बैल जाऊन पाच वर्षं झाली होती, पण झोपा अगदी पक्का बांधलेला.

पुस्तकाचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'मी तिथे होतो'.