बांधाखालून जाणारी काच आणि मामांना आलेला मेसेज

मामांनी सही केली नाही. त्यांच्या शेताच्या बांधाकडेने इंटरनेटची फायबर केबल न्यायची होती. कागद तयार होता, चर कुठून काढायचा ते चुन्याने आखूनही झालं होतं. आदल्या रात्री कुणीतरी त्यांना एक मेसेज पाठवला आणि सकाळी मामांनी कागद परत केला. "माझ्या रानातून नेऊ नका," एवढंच म्हणाले. बांधापलीकडे आठ घरं आहेत. त्या आठही घरांचं काम तिथेच थांबलं.

तो मेसेज मग माझ्याकडेही आला, आणि तोही मामांकडूनच. "वाच आणि सगळ्यांना पाठव" असं वर लिहून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. "शेतकरी बंधूंनो, सावधान" अशी सुरुवात आहे. म्हणणं थोडक्यात असं: जमिनीखालच्या इंटरनेटच्या तारेतून लहरी निघतात, त्यांनी माती मरते, विहिरीचं पाणी खराब होतं, मधमाश्या पळून जातात. टॉवरने कॅन्सर होतो आणि हे जागतिक आरोग्य संघटनेनेच कबूल केलंय. खेड्यात मोबाइल असताना ब्रॉडबँडची, म्हणजे घरात तारेने येणाऱ्या वेगवान इंटरनेटची, गरजच नाही. इंटरनेट घरात आलं की बँकेतले पैसे जातात. आणि शेवटी, म्हाताऱ्यांना नि न शिकलेल्यांना हे जमणारच नाही, तर खर्च कशाला.

मातीपासूनच सुरुवात करतो. मामांची सही याच एका मुद्द्याने अडवली.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची जाडी एक अष्टमांश मिलिमीटर, साधारण केसाएवढी. त्या काचेच्या गाभ्यातून प्रकाश जातो. डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त प्रकाश. ताकद काही मिलिवॉटची. गाभ्याभोवतीची काच किंचित वेगळ्या जातीची असते, त्यामुळे प्रकाश कडेवर आदळून पुन्हा आतच वळतो आणि असा कित्येक किलोमीटर जातो. तो बाहेर येत नाही, म्हणूनच तर ही तार चालते. बाहेर गळालेला प्रकाश म्हणजे पलीकडे न पोचलेला सिग्नल. तार मातीत प्रकाश सांडत बसली तर पहिल्यांदा इंटरनेट बंद पडेल, मातीचं पुढे बघू. आणि गळला तरी तो प्रकाशच. रोज दिवसभर सूर्य याच जातीचा प्रकाश त्याच मातीवर कितीतरी पटींनी ओततो.

पाण्याचं म्हणाल तर काच ही मुळात वाळूतल्या सिलिकापासून होते. केबल ज्या नळीतून ओढतात ती बहुतेक वेळा एचडीपीईची असते. शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगायला नको. त्याच प्लास्टिकच्या पाइपातून आपण विहिरीचं पाणी शेताला नेतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी फायबरची पहिली केबल १९८८ मध्ये पडली. तेव्हापासून खंडाखंडांमधला बहुतेक सगळा इंटरनेटचा व्यवहार समुद्राखालच्या अशाच काचेतून चालतो.

मधमाश्यांवर रेडिओ लहरींचा परिणाम बघायला काही प्रयोग झाले, हे खरं आहे. त्यातल्या काहींमध्ये चालू मोबाइल थेट पेटीत ठेवले होते. त्या प्रयोगांवरून काय निष्कर्ष काढायचा यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. जमिनीत पुरलेल्या काचेशी त्यांचा काही संबंध नाही, कारण तिच्यात रेडिओ लहरी नसतातच. ज्याने मेसेज लिहिला त्याने "मोबाइल" हा शब्द काढून "तार" हा शब्द घातला, आणि माझ्या मामांची झोप उडवली.

मी गेल्यावर मामांना घेऊन जोडकाम चाललं होतं तिथे गेलो. जोडकाम करणाऱ्या मुलाकडे लाल उजेडाची एक पेनसारखी वस्तू असते, तार कुठे तुटली ते शोधायला. त्याने एका उरलेल्या तुकड्याच्या टोकाला ती लावली. दुसरं टोक मामांच्या तळहातावर होतं. टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला. तार मधे सरळ होती तिथे काहीच दिसत नव्हतं, बोट लावलं तरी ऊब नव्हती. मग त्याने तार करकचून वाकवली, तर वाकलेल्या जागी लाल चमकलं आणि तळहातावरचा ठिपका मंदावला. मामा बराच वेळ तो तुकडा वाकवत आणि सरळ करत राहिले. "म्हणजे गळालं तर पुढं कमी पोचतंय," ते म्हणाले. मी जे दोन परिच्छेद लिहिले ते त्यांना त्या एका तुकड्यात कळलं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मेसेजवाल्याला ती ठाऊक नसली तरी. चालू फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नये. तो प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याला इजा होऊ शकते. जोडकामाच्या जागी पडलेले काचेचे तुकडेही कातडीत घुसतात, ते गोळा करूनच न्यायला लावा. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना धोका या तुकड्यांचा आहे. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

आता कॅन्सर. यात अर्धं खरं आहे, म्हणून तो मुद्दा इतका पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ बी' या गटात टाकलं. त्याचा अर्थ "कदाचित कर्करोगकारक असू शकतात, पुरावा मर्यादित आहे" असा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. शिवाय तो मर्यादित पुरावा मुख्यतः फोन तासन्‌तास कानाला लावणाऱ्यांबद्दलचा होता. टॉवरबद्दलचा पुरावा त्यांना निष्कर्ष काढण्यापुरताही वाटला नव्हता.

मेसेज २०११ वर थांबतो. पुढचं मी सांगतो. याच संघटनेने नंतर सगळ्या अभ्यासांचा नव्याने आढावा घ्यायला सांगितलं आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले. मोबाइल वापरण्याचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून जास्त काळ वापरणाऱ्यांतही नाही. टॉवर आणि प्रसारण केंद्रांच्या लहरींचा मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी किंवा मेंदूच्या गाठींशीही संबंध दिसला नाही. संशोधकांनी या निष्कर्षांची खात्री "मध्यम" म्हणून नोंदवली आहे, आणि टॉवर नि मुलांमधल्या मेंदूच्या गाठींबाबत "कमी", तेही इथे सांगून ठेवतो. अर्धवट सांगण्याचा आरोप दुसऱ्यावर करताना आपण तेच करू नये. आणि ज्याला टॉवरची तरीही भीती वाटते त्याने तर फायबरचं स्वागत करायला हवं. घरात येणारी तार ही रेडिओ लहरींशिवाय येणारी जोडणी आहे.

"मोबाइल आहे ना" हा मुद्दा ऐकायला सरळ वाटतो. पण टॉवरलाही इंटरनेट कुठून तरी यावं लागतं. ते एक तर फायबरने येतं, नाही तर टॉवरवरून टॉवरवर लहरींनी ढकलत आणलेलं असतं. एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे घरी आले की व्हिडिओ अडकतो, अर्ज अर्ध्यावर लटकतो, तो यामुळे. गावापर्यंत फायबर आलं तर मोबाइलही सुधारतो. म्हणजे ज्या मोबाइलचं नाव घेऊन तार नको म्हणतात, त्यालाच ती तार हवी आहे.

आमच्या बापजाद्यांचं अडलं नाही, असंही त्यात एक वाक्य आहे. अडलं होतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं. केरळात एका अर्थशास्त्रज्ञाने ते मोजलं. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी बडगरा किनाऱ्यावर ११ मच्छीमारांनी गिऱ्हाईक नाही म्हणून पकडलेली मासळी टाकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर २७ खरेदीदार रिकाम्या हाताने परतायच्या बेतात होते. मग तिथे मोबाइल आले. मासळी टाकून देणं जवळजवळ थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्यांना भाव ४ टक्के कमी पडला. तो अभ्यास साध्या मोबाइलचा आहे, ब्रॉडबँडचा नाही, हे कबूल. पण माहिती वेळेवर न मिळण्याची किंमत गरीब माणूसच भरतो, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

पैसे जाण्याच्या मुद्द्यावर माझा आवाज चढतो. फसवणूक होते, खूप होते आणि कष्टाचे पैसे जातात. यात खोटं काही नाही. पण ती बहुतेक वेळा फोनवर कुणीतरी गोड बोलून, घाबरवून, ओटीपी काढून घेऊन होते. त्यासाठी घरात ब्रॉडबँड लागत नाही. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्यालाही तो फोन येतो. उलट, ज्याला स्वतःचं खातं स्वतः बघता येत नाही, त्याचं काय होतं ते मी माझ्या मामीचं पाहिलं आहे. पासबुक, कार्ड, सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती रांगेत उभी राहते. नंबर आला की कार्ड पुढे करते आणि पिन तोंडाने सांगते, मागे चार माणसं उभी असताना. ओटीपी आला की फोनच समोरच्याच्या हातात देते, कारण आकडा कुठे आलाय ते तिला शोधता येत नाही. समोरचा भला आहे म्हणून आजवर निभावलं. हिला इंटरनेटपासून लांब ठेवून तिचे पैसे सुरक्षित राहतात, असं म्हणणाऱ्याने एकदा त्या रांगेत उभं राहून बघावं.

"जमणारच नाही" हे शेवटचं. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचा २०२४ चा अंदाज असा की जगात २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर आहेत आणि त्यातली १८० कोटी ग्रामीण भागात राहतात. शहरात ८३ टक्के लोक वापरतात, ग्रामीण भागात ४८ टक्के. यातल्या फार मोठ्या संख्येच्या डोक्यावर सिग्नल आहे, पण ते वापरत नाहीत. फोन परवडत नाही, वाचता येत नाही, कुणी शिकवलेलं नाही, आपल्या भाषेत आपल्या कामाचं काही सापडत नाही, ही कारणं त्यात मोठी आहेत. न जमणं हा त्यांचा स्वभाव नाही. मामीला "कॉम्प्युटर शिक" म्हटलं तर ती उठून जाईल. तिला शिल्लक बघायला शिकवली, एवढंच, आणि तीन दिवस रोज तेच. पायऱ्या तिने कॅलेंडरच्या मागे स्वतःच्या खुणांनी काढून ठेवल्या आहेत: हिरवा चौकोन, मग कुलूप, मग चार ठिपके. चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली नाही. ज्याची तिला गरज होती ते तिला आलं. बाकीचं ती विचारेल तेव्हा.

मेसेजमध्ये मुलं बिघडण्याबद्दलही आहे. त्यावर घराघरात बोलावंच, पण ती मुलं आजही हातातल्या फोनवर तेच बघतात.

एक तक्रार मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. "तार टाकून जातात आणि नंतर कुणी फिरकत नाही" असं मधेच एक वाक्य आहे, आणि ते खरं निघाल्याचं मी पाहिलं आहे. रस्त्याच्या कामात केबल तुटते आणि महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. लोकांचा विश्वास अशाने उडतो, आणि मग असले मेसेज खरे वाटायला लागतात. यावर नकार देणं हा एकच मार्ग नाही. इंग्लंडमधल्या लँकशरच्या खेड्यांत मोठ्या कंपन्या येईनात, तेव्हा गावकऱ्यांनी २०११ मध्ये स्वतःची संस्था काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून केबलला फुकट वाट दिली, कितीतरी ठिकाणी चरही गावकऱ्यांनीच खणले, आणि घराघरांत सेकंदाला एक गिगाबिटची, म्हणजे खूप वेगवान, जोडणी नेली. एकाने वाट अडवली असती तर पुढच्यांना मिळालं नसतं, हे त्यांनाही दिसत होतं.

मामांना मी काल पुन्हा फोन केला. म्हटलं, मामा, तुम्ही आंधळेपणाने सही करू नका. चर नांगराच्या फाळाखाली किती खोल जाणार ते कागदावर लिहून घ्या. पाइपलाइनपासून किती अंतर सोडणार तेही. तुटली तर किती दिवसांत जोडणार आणि फोन कुणाला करायचा, त्या माणसाचा नंबर घ्या. काचेचे तुकडे उचलून नेण्याचं घाला. एवढं लिहून दिलं तर सही करा. ते म्हणाले, "माणसं परवापर्यंत आहेत. कागद घेऊन बोलावतो, तू पण ये." मी उद्या सकाळी निघतोय.