टिकल्यांचं पिस्तूल आणि ओझरचं विमान

गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला चार ठिकाणांहून आला. आमच्या नाटकाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, मग पंचवटीतल्या मावशीकडून आणि शेवटी ज्याला मी तो पाठवू नकोस असं सांगितलं होतं त्याच्याकडून. निरोप असा: ‘विमानाने जाताय? खेळणी, नाटकाचं सामान, देवाच्या वस्तू बिनधास्त न्या. लाकूड, रबर, प्लॅस्टिक मशीनला दिसत नाही. मुलाच्या हातात दिलं की कुणी अडवत नाही. संस्थेचं पत्र असलं की विषय संपला. धार्मिक वस्तूंना सूटच आहे. चेक-इनच्या बॅगेत तर काहीही चालतं. आणि आपल्या ओझरला बघतंय कोण!’ खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

मी एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉपर्टी सांभाळतो. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे, तर कंदील, हुक्का, पानाचा डबा, तलवारी, पत्रांची बंडलं. नाशिकच्या कालिदास कलामंदिराच्या विंगेत उभं राहून वेळेवर खंजीर हातात देणारा माणूस तो मी. मागच्या वर्षी हैदराबादच्या मराठी मंडळींनी प्रयोगाला बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचं सामान टेम्पोऐवजी विमानाने गेलं. तेव्हा जे कळलं त्याच्या जोरावर हे लिहितोय.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून सगळ्यात जास्त हसू आलं. ओझर म्हणजे आमच्या नाशिकचा विमानतळ, आणि त्याची धावपट्टी एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. 1964 साली इथे मिग विमानांसाठी कारखाना आला, पुढे सुखोई इथेच जोडली गेली. प्रवाशांची इमारत झाली ती 2014 मध्ये. लढाऊ विमानांच्या कारखान्याच्या दारात उभं राहून ‘इथे बघतंय कोण’ म्हणायला धाडस लागतं. दुसरं म्हणजे, काय न्यायचं आणि काय नाही याची यादी विमानतळ ठरवत नाही. ती बीसीएएस ही विमानसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था ठरवते आणि ती मुंबईला जशी लागू तशीच ओझरला. उलट छोट्या ठिकाणी एका वेळी एखादंच विमान असतं, गर्दी कमी असते. तुमची बॅग उघडून निवांत बघायला तिथल्या माणसाला भरपूर वेळ असतो. आणि इथून सुटलात असं धरलं, तरी परतीचं विमान ओझरहून निघत नाही.

आता मशीनचं. ‘लाकूड-रबर दिसत नाही’ हा गैरसमज कुठून येतो ते मला माहीत आहे, कारण माझाही तोच होता. आपण ज्या चौकटीतून चालत जातो ती धातू ओळखते. खिशात लाकडी शिट्टी असेल तर ती गप्प बसते. पण बॅग त्या चौकटीतून जातच नाही, ती जाते एक्स-रेमधून. तिथे पडद्यावर जैविक पदार्थ नारिंगी दिसतात, म्हणजे लाकूड, कागद, रबर, बरंचसं प्लॅस्टिक, खाण्याचे पदार्थ. लोखंड-पोलाद निळं दिसतं आणि मधल्या घनतेच्या गोष्टी हिरव्या. म्हणजे आमची सागवानी तलवार तिथे लपत नाही, फक्त निळ्याऐवजी नारिंगी रंगात झळकते. धार आहे की नाही, ती कुठल्या अंकात लागते, हे पडद्यावर उमटत नाही. उमटतो तो आकार. आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला तो आकार बघून काही सेकंदांत ठरवायचं असतं. आपण ‘अहो, ही खोटी आहे’ म्हणतो तेव्हा खरं तर त्याची अडचणच सांगत असतो. प्रेक्षागृहात दहाव्या रांगेतून खरी वाटावी म्हणून आम्ही तिचं पातं आणि मूठ हुबेहूब खऱ्या तलवारीच्या आकारात घडवली. तीच कारागिरी एक्स-रेला जशीच्या तशी पोचते. प्रॉपर्टी जितकी चांगली, तितकी ती हातातल्या बॅगेत वाईट.

म्हणूनच यादीत खऱ्या शस्त्रांबरोबर खेळण्यातली शस्त्रंही आहेत, सगळ्या प्रकारची. केबिनमध्ये ती न्यायची नाहीत, मग हातात धरणारा चार वर्षांचा असो की चाळीसचा. ‘मुलाच्या हातात द्या’ हा सल्ला देणाऱ्याने रडणाऱ्या मुलाला सुरक्षा तपासणीच्या रांगेत सांभाळून बघावं. 2013 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर मोज्यापासून बनवलेल्या एका माकडाचं पिस्तूल काढून घेतलं होतं. पिस्तूल दोन इंचांचं. जगभर हसले लोक, मीही हसलो. पण पिस्तूल काही माकडाला परत मिळालं नाही.

दिवाळीत हा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो, कारण टिकल्यांचं पिस्तूल. भाचीकडे जाताना मेन रोडवरून पिस्तूल आणि सोबत टिकल्यांच्या चार डब्या घेतल्या जातात. पिस्तूल हातात चालणार नाही, चेक-इनच्या बॅगेत साधारणपणे चालतं. टिकल्या मात्र कुठेच चालत नाहीत. टिकलीतली दारू चिमूटभरही नसली तरी ती दारूच. फुलबाज्या, भुईचक्रं, नागगोळ्या, सगळ्यांचं तेच. भाचीच्या गावात टिकल्या मिळतात हो.

याच ओघात आपल्या जुन्या खेळांचंही सांगून टाकतो. क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिक केबिनमध्ये चालत नाहीत, त्यामुळे विटी-दांडूतला दांडू हातात घेऊन गेलात तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. भोवऱ्याचं नाव मी कुठल्या यादीत वाचलेलं नाही, पण त्याची आर म्हणजे अणकुचीदार खिळाच. ती बघून समोरचा काय म्हणेल यावर पैज लावण्यापेक्षा तो मोठ्या बॅगेत टाका. गलोल तर मुळीच नको. याउलट मुखवटे, बाहुल्या, बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, घालतात ते कागदाच्या लगद्याचे चेहरे लोक उगाच घाबरून चेक-इनला देतात आणि तिकडे चेपलेला रावण बाहेर काढतात. ते हातात न्या. फार तर एखादा जवान कुतूहलाने विचारेल की हा कोण.

‘चेक-इनमध्ये काहीही चालतं’ हे निरोपातलं सगळ्यात धोकादायक वाक्य, आणि नाटकवाल्यांना तर खासच. दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम घ्या. त्याची बाटली आमच्या मेकअपच्या पेटीत आजोबांच्या काळापासून आहे, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तो ज्वालाग्राही द्रव आहे, त्याला विमानाच्या पोटातही जागा नाही. धुराच्या कांड्या, काडेपेटी, लायटर यांचंही तेच. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल यांचा नियम तर लोकांना उलटा वाटतो. ते चेक-इनमध्ये द्यायचे नाहीत, हातातच ठेवायचे. कारण असं की सेल पेटला तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसेल, खाली सामानात दिसणार नाही. त्यामुळे दिवा लागणारा कंदील असेल तर कंदील बॅगेत, सेल काढून टोकांना चिकटपट्टी लावून हातात. तलवार, खंजीर, गदा हे मात्र चेक-इनमध्ये द्यायचं. निरोपातलं हे अर्धसत्य, आणि अशाच अर्धसत्यांच्या आधाराने बाकीचं खपतं.

संस्थेच्या पत्राबद्दल फार लिहीत नाही. आमच्याकडेही होतं, शिक्क्यासकट. बॅग उघडल्यावर हे काय आहे ते समजावायला त्याचा उपयोग झाला. पण मनाई असलेली वस्तू त्याने चालती होत नाही. अध्यक्षांची सही नाशिकमध्ये चालते.

धार्मिक वस्तूंचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सिंहस्थ तोंडावर आहे आणि हा निरोप आता वाढणार. सूट असते, हे खरं. पण ती कशी असते बघा. मार्च 2022 च्या आदेशानुसार शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण बाळगता येते. पातं सहा इंचांपेक्षा मोठं नको आणि एकूण लांबी नऊ इंचांच्या आत. ऑक्टोबर 2024 मध्ये शबरीमलाला जाणाऱ्यांना हातातल्या बॅगेत नारळ नेऊ दिले, तेही 20 जानेवारी 2025 पर्यंतच. म्हणजे सूट मिळते ती लेखी, नाव घेऊन, माप किंवा मुदत लावून. ‘त्यांना कृपाण चालते तर आम्हाला त्रिशूळ का नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीवर चांगलं वाटतं. तपासणीच्या टेबलाजवळ त्याने फक्त मागची रांग वाढते.

आता निरोपात नसलेली गोष्ट, जिने आमचा खरा घाम काढला. तलवारी, खंजीर सगळं मी इमानदारीत चेक-इनला दिलं होतं. हातातल्या पिशवीत ठेवला होता एक जुना डायलचा काळा टेलिफोन. शस्त्र नाही, धार नाही, द्रव नाही. फक्त आमच्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या पोटात एक घंटी बसवली होती, सेल, दोन-चार वायरी आणि विंगेतून रिमोटने वाजवायला एक छोटा रिसीव्हर. नाटकात तो दुसऱ्या अंकात वाजतो आणि बाईंचा चेहरा पडतो. परतीच्या वाटेवर तो एक्स-रेच्या पडद्यावर गेला आणि तिथल्या माणसाचा चेहरा पडला. सेल, वायरी आणि दुरून चालणारा रिसीव्हर एका बंद डब्यात. मी त्याच्या जागी असतो तर मीही पट्टा थांबवला असता. आमचा नायक मागून थट्टेत काहीतरी बोलणार होता, त्याचा पाय मी वेळेवर दाबला. बॉम्ब हा शब्द त्या जागी विनोदातही उच्चारायचा नसतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये देशभर विमानांना खोट्या धमक्यांचं सत्र चाललं होतं, तेव्हापासून तर तिथे कुणालाच हसू येत नाही. फोनचा तळ उघडला, स्फोटकाचे कण आहेत का ते पुसून तपासलं, वाजवून दाखवला. विमान मिळालं, पण आम्ही शेवटचे चढलो.

आम्ही स्वस्तात सुटलो म्हणायचं. 2007 मध्ये बोस्टनच्या विमानतळावर एमआयटीची एक विद्यार्थिनी अंगावरच्या स्वेटशर्टला सर्किट बोर्ड आणि चमकणारे दिवे लावून गेली. तिच्या लेखी ती कलाकृती होती. हातात मुलांच्या खेळण्यातली मऊ माती. ती विमानात बसणारही नव्हती, कुणाला तरी घ्यायला आली होती. तिला बंदूकधारी पोलिसांनी घेरलं आणि अटक केली. आमच्या इलेक्ट्रिशियनला हे सांगितल्यावर त्याने फोनमधलं सगळं काढून ठेवलं. आता घंटी साउंडवाला वाजवतो.

‘काढून घेतलं तरी परत मिळतं’ असंही एकाने त्या निरोपाखाली जोडलं होतं. माझा अनुभव असा की त्या क्षणी तीनच वाटा असतात. मागे जाऊन चेक-इनला द्या, वेळ असेल तर. सोडायला आलेल्या माणसाच्या हाती द्या, तो अजून बाहेर असेल तर. ओझरहून तो एव्हाना वीस किलोमीटरवरच्या नाशिकच्या वाटेला लागलेला असतो. नाहीतर तिथेच ठेवा.

यंदा पुन्हा हैदराबादचं बोलावणं आलं तेव्हा मी तलवार नेलीच नाही. तिकडच्या मंडळींना म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी लग्नात नवरदेवाच्या हातात देतात ती भाड्याची तलवार आणली. लाल मखमली म्यान, आरसे, सोनेरी गोंडे. पहिल्या अंकात आमचा रांगडा सरदार ती कमरेला लावून तणतणत आत आला आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘अगं बाई, वरात आली.’