‘४० टक्के आनंद तुमच्याच हातात’ हे कुणीही सिद्ध केलेलं नाही

तीन भागांत कापलेल्या एका वर्तुळाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर, कंपन्यांच्या प्रशिक्षणांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत सारखं भेटतं. आपल्या आनंदापैकी ५० टक्के जन्मजात, १० टक्के परिस्थितीमुळे आणि ४० टक्के पूर्णपणे आपल्या हातात, असं ते सांगतं. सोबत बहुतेक वेळा एक जोड असते: लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात अपंग झालेला माणूस वर्षभरानंतर सारखेच सुखी असतात. मग सल्ला येतो, की परिस्थितीला दोष देणं सोडा, नकारात्मक भावना काढून टाका.

नोकरी गेलेल्याला, कर्जानं बेजार झालेल्याला, घरातलं आजारपण काढता काढता थकलेल्या बाईला उत्तर म्हणून हे चित्र पाठवलं जातं. त्याचा अर्थ एवढाच निघतो, की तू दुःखी आहेस कारण तुझे प्रयत्न कमी पडतात. हे क्रूर आहे आणि चुकीचंही आहे.

आधी तो ४० चा आकडा पाहू. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड या संशोधकांच्या २००५ मधल्या एका शोधनिबंधातून तो आला. जुळ्या भावंडांची तुलना करून वारशाचा वाटा काढणाऱ्या अभ्यासांवरून त्यांनी जन्मजात भाग ५० टक्के धरला. जुन्या पाहण्यांमध्ये परिस्थितीचा वाटा ८ ते १५ टक्के दिसत होता, तो १० धरला. शंभरातून साठ वजा केले, चाळीस उरले. ते ‘स्वतःच्या कृती’च्या नावावर जमा झाले. म्हणजे कृतीचा परिणाम मोजून हा आकडा मिळालेला नाही, ती वजाबाकीतली बाकी आहे. मोजमापातल्या चुका, योगायोग, पाहणीत विचारलंच नाही असं सगळं काही त्या बाकीत असू शकतं. निक ब्राउन आणि ज्युलिया रोरर या संशोधकांनी हे सविस्तर दाखवून दिलं. त्यानंतर मूळ लेखकांपैकी शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनीही चित्राच्या मर्यादा मान्य केल्या. ती कबुली मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्याहून मोठी चूक टक्क्यांचा अर्थ लावण्यात आहे. हे टक्के ‘तुमच्या’ आनंदाचे नाहीतच. एका गटातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाची ती वाटणी आहे. एकाच वावरात सारखं पाणी दिलेल्या ज्वारीची ताटं कमीजास्त उंच झाली, तर तो फरक बराचसा बियाण्याचा असतो. म्हणून पाण्याचा आणि वाढीचा संबंध नाही असं कोणता शेतकरी म्हणेल? पावसानं दडी मारली की सगळं वावर खुरटतं. स्थिर पगार, दवाखाना आणि बेरोजगार भत्ता असलेल्या समाजात परिस्थितीचा वाटा लहान दिसणारच, कारण तिथं बहुतेकांना पाणी मिळालेलं असतं. शिवाय त्या १० टक्क्यांत वय, उत्पन्न, शिक्षण, लग्न अशा पाहणीत सहज विचारता येणाऱ्या गोष्टी होत्या. दारात उभा राहणारा सावकार किंवा रोज पाणउतारा करणारा साहेब त्या रकान्यांत कुठून येणार?

आता लॉटरीची गोष्ट. ती मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या १९७८ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासाची. त्यात लॉटरी जिंकलेले २२ जण होते, अपघातात लुळेपणा आलेले २९ आणि तुलनेसाठी २२ सर्वसाधारण लोक. वर्षानुवर्षं कुणाचा पाठपुरावा केलेला नव्हता. आणि निष्कर्ष ‘सारखेच सुखी’ असा नव्हताच! शून्य ते पाच या मोजपट्टीवर लॉटरीवाल्यांचं आत्ताचं सुख ४.०० होतं, सर्वसाधारण लोकांचं ३.८२ आणि अपघातग्रस्तांचं २.९६. अपघातग्रस्त स्पष्टपणे कमी सुखी होते. लोकांनी कल्पिलं असतं तितके ते दुःखी नव्हते, हे खरं आणि मोलाचं निरीक्षण आहे. पण ‘तितके दुःखी नाहीत’पासून ‘सारखेच सुखी’पर्यंतची उडी सांगणाऱ्यांनी मारली.

नंतरचे, कितीतरी मोठे अभ्यास परिस्थितीचं वजन दाखवतात. जर्मनीत २४,००० हून अधिक लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासली गेली. बेरोजगारी आलेल्यांचं समाधान, पुन्हा काम मिळाल्यावरही, सरासरीनं पूर्वीच्या पातळीवर पूर्ण परतलं नव्हतं. स्वीडनमध्ये मोठी लॉटरी लागलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दशकाहून अधिक काळ वाढलेलं राहिलं. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र लहान होता. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो इंडोनेशियाचा अभ्यास. गरीब कुटुंबांना सरकारनं रोख मदत दिली, तिथं आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. पीक बुडालेल्या वर्षी हा परिणाम अधिक होता. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी घरं उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत, त्यांना ‘परिस्थिती फक्त १० टक्के’ हे वाक्य कसं ऐकवावं?

‘नकारात्मक भावना काढून टाका’ या सल्ल्याबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आनंदी असण्याला फार महत्त्व दिलेल्या लोकांना चांगल्या प्रसंगीही कमी आनंद झाला. उलट, आलेल्या रागाला किंवा दुःखाला वाईट न ठरवता येऊ देणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य पुढं बरं दिसलं. अन्यायाचा राग येणं, माणूस गेल्यावर रडू येणं हा बिघाड नाही.

मग आपल्या हातात काहीच नाही का? आहे, आणि तेही नीट सांगायला हवं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक उपचार तपासून पाहिला. प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक सहा ते आठ भेटींत रुग्णाशी बोलत, सुटलेली कामं आणि माणसं पुन्हा दिवसात कशी आणायची ते ठरवत, आणि समोरच्या खऱ्या अडचणी सोडवायला मदत करत. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के. म्हणजे कृतीनं फरक पडतो. पण ती कृती एकट्याच्या मनोबलावर सोडलेली नव्हती. शेजारी बसणारा माणूस होता, आणि अडचण ही अडचणच मानली जात होती.

म्हणून ग्रुपवर कुणी ‘आता सहन होत नाही’ असं लिहिलं, तर वर्तुळाचं चित्र टाकू नका. त्याला फोन करा, नेमकं काय झालंय ते विचारा, पैशांचं असेल तर पैशांबद्दलच बोला. गरज दिसली तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या. तिथं मोफत, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं.