‘म्हणजे’ला बागेबाहेर बसवा

बागेवरचं चित्रपुस्तक. पान उघडलं की खारीचं चित्र आणि खाली तीन ओळी: मराठी, हिंदी, इंग्रजी. वाचणारे ताई-दादा पहिली ओळ वाचतात, मग ‘म्हणजे’ करून दुसरी, पुन्हा ‘म्हणजे’ करून तिसरी. चौथ्या पानाला मुलं घसरगुंडीकडे पळतात. त्यांचं काय चुकलं? गोष्ट दर पानाला तीनदा अडखळते. शिवाय आपली भाषा येईपर्यंत कान बंद ठेवले तरी चालतात, हे मुलांना दुसऱ्याच पानावर कळलेलं असतं.

एका बैठकीत एकच भाषा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एवढंच माझं म्हणणं. त्याआधी एक फेरी नुसत्या चित्रांची. मजकुराकडे बघायचंही नाही, मुलं ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत बोलू द्यायचं. 24 पानांच्या पुस्तकाला पाच-सहा मिनिटं पुरतात. मग एक भाषा सलग. दुसरी भाषा दुसऱ्या दिवशी. तोवर गोष्ट पाठ झालेली असते, त्यामुळे अर्थ सांगत बसावं लागत नाही. नको त्या ओळींवर कागदाची पट्टी लावा. मुलांसाठी नाही हो, आपलीच नजर घसरते म्हणून.

सुरुवात कुठल्या भाषेने? गटात जिची मुलं सगळ्यात कमी तिने. पुण्यात बागेत जमलेल्या आठ मुलांत एखादं कन्नड, तेलुगू किंवा मारवाडी बोलणारं निघतंच. ती भाषा पुस्तकात नसली तर त्या मुलाच्या आईला किंवा आजीला पानांचे फोटो पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज मागवा. एका पानाला एक व्हॉइस नोट, सुरुवातीला पानाचा आकडा बोलायचा. सगळी गोष्ट एकाच नोटमध्ये आली की पान उलटायचं कधी ते कळत नाही आणि आवाज पुढे, चित्र मागे राहतं. आजीला वाचता येत नसेल तर उत्तमच, ती चित्र बघून सांगेल.

आता ती खार. हिंदीत गिलहरी, गुजरातीत खिसकोली, कन्नडमध्ये अळिलु, तमिळमध्ये अणिल, तेलुगूत उडुता. आणि मराठी तरी एकच कुठे आहे, कोकणातली आजी चानी म्हणेल. चित्राखाली कोरी पट्टी चिकटवा आणि मिळेल ते नाव देवनागरीत लिहीत जा. आठवड्याने त्या पानावर गर्दी झालेली असते. फक्त ‘सांग बरं, खारीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’ हा प्रश्न विचारू नका. बागेत परीक्षा घ्यायची आपली हौस काही जात नाही.

लिपी एक असली की वेगळाच घोटाळा होतो. झोक्याच्या पानावर मराठीत ‘झोका’, हिंदीत ‘झूला’. अक्षर तेच, पण मराठी झो म्हणताना जीभ दातांमागे असते आणि हिंदी झू म्हणताना ती मागे टाळूकडे जाते. मराठी मूल ‘झूला’ आपल्या झोक्यासारखा म्हणतं, हिंदी मूल ‘झोका’ झूल्यासारखा. हसण्यावारी नेऊ नका आणि लगेच सुधारूही नका. दोघांना आळीपाळीने दोन्ही शब्द म्हणू द्या, फरक त्यांचा त्यांना ऐकू येतो. ‘फुलपाखरू’ला हिंदी मूल ‘ती’ म्हणेल, कारण त्याच्या मनात तितली आहे. म्हणू दे.

पुस्तक परदेशातल्या बागेचं असेल तर झाडं आधी बघून घ्या. तिथे पानं ऑक्टोबरात लाल होऊन गळतात. आपल्याकडे बरीच झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, तेव्हाच काटेसावर लाल फुलांनी भरते. बहावा पिवळा दिसायला एप्रिल-मे उजाडावा लागतो. जुलैत ‘चला, पिवळं झाड शोधू या’ म्हणून मुलांना बागेतून फिरवलंत तर पुस्तक खोटं ठरतं. तांबट पक्षी मात्र भर उन्हात टुक टुक करत असतो, शोधायला सोपा आहे ऐकून, कठीण बघून. एका फेरीत शोधायच्या गोष्टी तीनच ठेवा. ‘हिरवळीवर बसू नये’ ही पाटी चौथी, ती कुठल्याही मोसमात सापडते.

ए-फोर आकाराच्या एका पुस्तकाला सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त नकोत. बसायला सावली बघा, कारण गुळगुळीत कागदावर ऊन पडलं की कडेच्या मुलांना नुसता पांढरा डाग दिसतो. पुस्तक छातीसमोर धरलं की वाचायला तुम्हालाच मान वाकवावी लागते, खांद्याशेजारी धरा.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भाषांत मोफत मिळते, छापूनही घेता येते. मला तर तीन ओळींच्या पुस्तकापेक्षा भाषेगणिक वेगळी प्रत बरी वाटते, पट्ट्यांची कटकटच राहत नाही. फक्त काळी-पांढरी झेरॉक्स नको, बहावा आणि कडुनिंब सारखेच राखाडी होतात.

आणि पुण्याच्या पेशवे उद्यानात वाचणार असाल तर फुलराणीपासून, म्हणजे तिथल्या मुलांच्या आगगाडीपासून, लांब बसा. शिट्टी झाली की कुठल्याच भाषेचं काही चालत नाही, खूण घालून पुस्तक मिटायचं.