केळ्यांचे तीस रुपये

या महिन्याच्या भाड्यात घरमालक काकांनी तीस रुपये जास्त लिहिले. पुढे बारीक अक्षरात कारण: ‘केळी, अर्धा डझन, चिलटांमुळे.’

मी चिलटांवर संशोधन करते. म्हातारपण लांबणीवर पडावं म्हणून माणसं ज्या गोळ्या खातात, त्या चिलटांच्या खाण्यात मिसळायच्या आणि ती किती दिवस जगतात ते मोजायचं. 25 अंशांत अंड्याचं चिलट व्हायला दहा दिवस लागतात आणि दोन-अडीच महिन्यांत कारभार आटोपतो. माणसावर हाच प्रयोग करायचा तर गाइडच आधी जायचे.

काका बँकेतून रिटायर झालेले. रामबागेतल्या त्यांच्या घरात वरची खोली माझी.

“काका, केळ्यांवर चिलटं आपोआप येतात.”

“इंदूरात? अगं, 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आहे आपला. नगर निगमची गाडी रोज दारात येते. इथे चिलटं यायचं कारणच काय? सगळ्या रामबागेत चिलटं पाळणारी तू एकटी.”

यावर काय बोलणार? मी शास्त्र काढलं. माझ्या चिलटांचे डोळे पांढरे असतात. 1910 मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञ मॉर्गनसाहेबांच्या बाटलीत असा पहिला नर सापडला आणि त्या कामातून पुढे 1933 चं नोबेल मिळालं. शिवाय पांढऱ्या डोळ्यांना धड दिसत नाही, ती लॅबपासून इथवर येणार कशी?

काकांनी पेपर वाचायचं भिंग आणलं. काळ्या पडलेल्या केळ्याच्या देठाशी तिळाएवढं एक चिलट पुढचे पाय चोळत बसलं होतं, वसुलीला आल्यासारखं. भिंगाखाली डोळे लालभडक.

“बघा! लाल!”

काकांनी पुन्हा निरखून पाहिलं. “जागरण,” ते म्हणाले. “रात्रभर लाइटीत ठेवत असाल तुम्ही लोक.”

“बारा तास अंधार असतो, काका!”

“बरं, खायला काय देता?”

“मक्याचं पीठ, यीस्ट, अगर-अगर, साखर.”

“साखर?” काकांना शुगर आहे. दिवसाला सात गोळ्या. “साखर घालता आणि वरून गोळी देता? मग मरतील नाही तर काय!”

खरं दुखणं तिथे नाहीच. गोळी कडू असली तर चिलटं कमी खातात, आणि जरा कमी खाल्लं की ती एरवीही जास्त जगतात. मग आयुष्य वाढवलं कुणी, गोळीनं की उपासानं? म्हणून खाण्यात निळा रंग घालून पोटं किती निळी झाली ते पाहायचं. हे मी अर्धा तास समजावलं.

“म्हणजे महागाची बाटली आणायची आणि न जेवता बसायचं,” काका म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी काकूंची कॅप्सूलची बाटली आणली. “या महिन्यात एक्सपायर होतेय. फुकट जाण्यापेक्षा तुझ्या चिलटांना घाल.”

बाटली घेतली. नाही कसं म्हणणार, खोली त्यांची.

दर दोन-तीन दिवसांनी सगळी चिलटं ताज्या खाण्याच्या नळीत हलवावी लागतात, मेलेली मोजावी लागतात. त्यांना रविवार नाही. लक्ष्मीपूजनाला घरचे व्हिडिओ कॉल करत होते आणि मी भिंगाखाली नर-मादी वेगळे करत होते. त्यांचं जेवण एकदाही चुकलेलं नाही. माझी फेलोशिप मात्र चार महिने आलेली नाही. विचारलं की ‘फाइल वर गेलीय’. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. त्यात हे तीस रुपये! पांढऱ्या डोळ्यांचा पुरावा देऊनही!

दिले.

संध्याकाळी दार वाजलं. काका पाचचं नाणं घेऊन उभे.

“एक केळं आतून चांगलं निघालं,” ते म्हणाले. “मी खाल्लं.”